कारण : बैलाची लाथ

ग्रामसभेत सगळ्यांदेखत तोंड उघडलं म्हणून दीपकने बायकोला, कोकिळाला, अंगणात पाडलं आणि कुऱ्हाडीच्या दांड्याने तिच्या उजव्या गुडघ्याचा चुरा केला. तिसऱ्या दणक्याला दांडाच मोडला, म्हणून डावा पाय वाचला.

आठ महिन्यांनी भडगावला दिव्यांगांसाठी तपासणी शिबिर लागलं. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठीचं शिबिर, आणि ठेवलं होतं दुसऱ्या मजल्यावर! दीपक कोकिळाला पाठीवर घेऊन दोन्ही जिने चढला.

"पायाला काय झालं, ताई?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"बैलनी लाथ मारी, सायेब," उत्तर दीपकने दिलं. कागदावर तेच चढलं. तिला मात्र पुन्हा कोणी विचारलं नाही.

रांगेतली एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "असा नवरा भेटाले नशीब लागस, माय."

प्रमुख पाहुण्यांच्याही ते नजरेत भरलं होतं. त्यांनी दीपकला मंचावर बोलावून शाल पांघरवली. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. मग कोकिळाच्या हातात एक नवी कोरी, चकचकीत कुबडी आली.

कोकिळाने ती दोन्ही हातांनी तोलून पाहिली. मंचावर उभ्या असलेल्या नवऱ्याच्या गुडघ्यांकडे बघत तिने वाटप करणाऱ्या बाईंना विचारलं,




"ताई, कुऱ्हाडना दांडा तीन दणकास्मा मोडी गया. हाई कितला दणका टिकी?"