दोन बटणांचा प्रेस

तनुजाने पहिल्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी पत्रा कापणाऱ्या प्रेसचं छोटं मॉडेल बनवलं होतं. हात पात्यापासून लांब राहावेत म्हणून दोन हातांनी दोन बटणं दाबली, तरच ते चालायचं.

"हे तर चाकणच्या प्रत्येक कंपनीत असतं. मार्क कशाचे देऊ?" परीक्षक म्हणाले.

"सर, एकदा पप्पांना चालवू द्या."

वीस वर्षं प्रेसवर काढलेले आदिनाथ पुढे झाले. सवयीने त्यांनी खिशातली काडी एका बटणाच्या फटीत खोचून ते दाबून ठेवलं, मोकळा हात पत्रा सरकवायला आत घातला आणि दुसरं बटण दाबलं. परीक्षक खुर्चीवरून उठलेच.

मॉडेल हललं नाही.

"बिघडलं वाटतं गं, माझ्याच हातनं," आदिनाथ ओशाळले.



"नाही पप्पा, काडी खोचून एक बटण आधीच दाबून ठेवलं की ते चालतच नाही. तुमच्यासाठीच तसं केलंय."