पाहण्याचा कार्यक्रम

मोताळ्याच्या सुचितासाठी पुण्यात नोकरी करणाऱ्या दीपकचं स्थळ आलं. पहिली भेट ठरली ती मलकापूरला, हायवेवर नव्यानं उघडलेल्या झकपक चायनीज हॉटेलात. फोटोतला मुलगा तिच्या मनात भरला होता. तिथं काड्यांनी खातात हे कळल्यावर आपलं हसं नको म्हणून तिनं आठ दिवस दोन काड्यांनी सोयाबीनचे दाणे उचलायचा सराव केला.

भेटीच्या दिवशी बांबूच्या टोपल्यांतून उकडीच्या मोदकांसारखे वाफाळते डिमसम आले. सुचितानं काड्या धरल्या आणि एकेक डिमसम अलगद उचलून तोंडात टाकू लागली. दीपक मात्र आपल्या टोपलीला शिवेना, नुसता तिच्या बोटांकडं बघत राहिला. तिसऱ्या डिमसमनंतर सुचितानं काड्या खाली ठेवल्या. आपण फार हुशारी दाखवली की काय? गेलं हे स्थळ, असं तिला वाटलं.

"तुम्हाले आवडलं नाही का?" तिनं शेवटी विचारलंच.

दीपकनं आजूबाजूला पाहिलं, पुढं वाकला आणि हळूच म्हणाला,


"तुम्ही दोन मिनिटं खिडकीबाहेर पाहता का? मले हातानं खाऊन घ्याचं हाये."