तूरडाळ अडतीस रुपये

सत्यभामाबाईंनी पुन्हा वजाबाकी केली. पुन्हा तेच आलं. तांदूळ वीस रुपये किलो, तूरडाळ अडतीस.

प्रश्न साधाच होता. चार किलो डाळ आणि पाच किलो तांदूळ मिळून दोनशे बावन्न रुपये. दोन किलो डाळ आणि तीन किलो तांदूळ मिळून एकशे छत्तीस. डाळीला एक्स म्हणा, तांदळाला वाय म्हणा आणि भाव काढा. त्यांनी ते काढले होते. पण अडतीस रुपयांत तूरडाळ? परवाच कमानिया गेटच्या बाजारात त्यांनी एकशे चाळीस मोजले होते, तेही खड्यांसकट.

गेल्या वर्षी ह्याच दहावीच्या पेपरात तेल चोवीस रुपये लिटर आलं, तेव्हा बाईंना वाटलं, आपलंच चुकलं. त्यांनी ते खोडून बाजारभाव लिहिला आणि तीन गुणांनी गेल्या. रांझीच्या वसतिगृहात एकोणीस वर्षं त्या पोरींचा स्वयंपाक करत होत्या, पण कोठीची चावी दहावी पास माणसालाच. ती गेली मॅनेजरच्या भाच्याकडे. त्याला तूर कुठली नि चणाडाळ कुठली, तेही बाईच सांगत. आता भाचा नोकरी सोडून गेला होता आणि निकाल लागेपर्यंत चावी खुंटीला टांगलेली होती.

"आई, एक्स म्हणजे डाळ नाही," सकाळी परीक्षा केंद्राच्या फाटकाशी सुनेने, प्रणालीने, बजावलं होतं. "काहून भावात डोकं घालून राहिल्या? जे येईल ते लिहा न चुपचाप."

त्यांनी लिहिलं. एक्स बरोबर अडतीस, वाय बरोबर वीस. चुपचाप बसणं मात्र जमेना. हा पेपर काढणाऱ्याने जन्मात कधी पिशवी घेऊन बाजार केलेला नाही, आणि असल्या माणसाच्या हातून आपण नापास झालो, ह्याचा त्यांना मनस्वी संताप आला. उत्तराखाली एक ओळ सोडून त्यांनी हिंदीत ठळक अक्षरांत लिहिलं, की ह्या भावाने डाळ देणाऱ्या दुकानाचा पत्ता कळवावा, वसतिगृहासाठी पन्नास किलो घ्यायची आहे.

घंटा झाली. पेपर गोळा करणाऱ्या तरुण मास्तरांची नजर त्या ओळीवर पडली. ते हसू दाबत वाकले.

"अम्मा, ये नीचे वाला काट दीजिए. जाँचने वाला चिढ़ जाएगा."

"पिछले साल काटा था, भैया," बाई म्हणाल्या आणि पुरवणीच्या दोऱ्याला त्यांनी दुसरी गाठ मारली. "ऊपर उनके सवाल का जवाब है. नीचे हमारा सवाल है."