वाळवंटातला देव

सेलूत आमच्या घरी कॉम्प्युटर आला आणि हे एका खेळात देव होऊन बसले. वाळवंटात आपल्या भक्तांची वस्ती वाढवायची, समोरच्या देवाची हटवायची. सात वेळा हरले होते. खेळाची फ्लॉपी संध्याकाळच्या रेल्वेनं मित्राकडं परत जायची होती, त्यामुळं आज हे सकाळपासून कॉम्प्युटरपुढून उठले नव्हते.

“वस्ती वाढंनाच गं!”

“कशी वाढंल? भक्तांनी जमवलेलं सगळं बळ तुमी समोरच्यावर महापूर सोडण्यात घालवायलात. नुसती वाळू सपाट करून द्या, घरं ते बांधतील, वस्ती आपसूक पसरंल.”

ह्यांनी वाळू सपाट केली. “आता?”

“आता माझ्यासोबत लिंगपूजेला बसा.”

“अगं, देव असा मधीच उठून जातो का?”

“बसा तर.”

खेळ तसाच चालू ठेवून कुरकुरत बसले. विभूती लावली, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं, पण कान बाहेरच्या खोलीकडं. पूजा आटोपताच धावले आणि तिथूनच ओरडले, “अगं, जिंकलो! सगळं वाळवंट आपल्या भक्तांचं! पण मी तर काहीच केलं न्हाई!”

मी प्रसाद हातावर ठेवत म्हणाले, “देवाचे हात पूजेत गुंतले होते ना, म्हणून.”