शांत आहे, साहेब

मुलांनो, डोळे मिटा आणि एक मोठं दालन मनात उभं करा. त्यात हत्तीच्या पायाएवढ्या जाड धातूच्या नळ्या. नळ्यांमध्ये दाबून भरलेला वायू, आणि त्याच्या मधोमध दोन लाख वीस हजार व्होल्टची वीज. बाहेरून हात लावला तर काही होत नाही. पण आत धातूचा एखादा कण राहून गेला, तर तो विजेने उड्या मारू लागतो. त्याचा बारीक आवाज येतो. तो वेळेवर ऐकला नाही, तर नळी फुटते.

कळमेश्वरच्या रस्त्यावर असं दालन तेव्हा नवंच उभं राहिलं होतं. पहिल्याच दुरुस्तीनंतर देवपुजारी साहेब विजेचा दाब टप्प्याटप्प्याने वाढवत होते. प्रत्येक टप्प्याला ऑपरेटर रुपराव लाकडी दांडीचं एक टोक नळीला लावत, दुसरं कानाला. मग साहेबांकडे वळून म्हणत, "शांत आहे, साहेब."

डबा घेऊन आलेली रुपरावांची मुलगी शामला दाराशी उभी होती. जुन्या वीज उपकेंद्रातले ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारी यंत्रं, तोफेसारखे वाजत. त्या आवाजाने बाबांचे कान नेले होते. समोरच्याचे ओठ पाहून ते वेळ निभावत. हे फक्त घरात माहीत होतं. "कोणाले सांगू नको वं पोरी," आईने बजावलं होतं, "नोकरी जाईन, क्वार्टरही जाईन."

शामलाने जवळच्या नळीला कान लावला. आत मोहरी तडतडावी तसं काहीतरी चाललं होतं.

"साहेब, आवाज येऊन राहिला!"

साहेब हसले. "तू काय आमची नवी इंजिनियर का गं? तुझे बाबा वीस वर्षं या कामात आहेत. ते म्हणतात ना शांत आहे?"

"पण साहेब, खरंच—"

"घाबरट कुठली! बाहेर थांब जा."

साहेबांनी शेवटच्या टप्प्यासाठी दाब वाढवायच्या मुठीवर हात ठेवला. रुपराव पाठमोरे झाले. त्यांनी दांडी नळीला टेकवली आणि दुसऱ्या टोकाला कान लावला.

शामलाला रडू फुटलं. ती धावत जाऊन बाबांच्या अगदी पाठीशी उभी राहिली आणि सगळं दालन दणाणेल अशी किंचाळली, "बाबा, मागं पाहा!"

रुपराव हलले नाहीत.

शामला त्यांच्याकडे पाहतच नव्हती. ती साहेबांकडे पाहत होती.