कोरडे तळवे

“आधी हात पुसा हो, आणि मग लावा माझ्या गुडघ्याला,” पलंगावरच्या बाई म्हणाल्या. पडद्यापलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं.

ती फिजिओथेरपिस्ट होती, रुग्णालयात नवीनच लागलेली. काम सगळं हातांचं आणि तिच्या तळहातांना घामाच्या धारा लागायच्या. शाळा-कॉलेजात तिनं मनगटाखाली टीपकागद ठेवून पेपर लिहिले होते. तेव्हा निभावलं. त्या संध्याकाळी मात्र विभागप्रमुख बाईंनी तिला बोलावून घेतलं.

“काम छान करतेस. पण ही तिसरी तक्रार आहे. काहीतरी उपाय कर.”

घरी आईनं कंबर कसली. आधी तुरटीचं पाणी झालं. त्यानं हात नुसते खरखरीत झाले. मग कुणीतरी चहा सुचवला. कोरा, कडक, गार केलेला. सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं त्यात हात बुडवून बसायचं.

“परवा आणलेला चहा संपला कसा?” बाबांनी डबा उपडा करून विचारलं.

“तुमची लेक अंघोळ करते त्यात,” आई म्हणाली.

तळवे जरा तांबूस झाले, पण तिसऱ्या आठवड्यात फाइलचा कागद हाताला चिकटेनासा झाला. गुडघेवाल्या बाईंनीही काही न बोलता व्यायाम करून घेतला. ती घरी आली ती गाणं गुणगुणत.

तिचे सगळ्यात लाडके पेशंट म्हणजे पेंटर आजोबा. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्याही डाव्या हातानं. पक्षाघातानंतर तो हात हलायला लागला, पण त्याची जाणीव गेली ती गेलीच. ब्रश बोटांतून गळून पडायचा आणि यांना पत्ताच नाही. “हा शेजाऱ्याचा हात आहे, चुकून माझ्या खांद्याला बसवलाय,” असं ते सगळ्यांना सांगत. दर मंगळवारी ती त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधायची, डाव्या हातावर कापूस फिरवायची, कंगवा टोचायची. कोपऱ्यातल्या खुर्चीवर आजी स्वेटर विणत बसलेल्या असायच्या. आजोबांचं उत्तर दर वेळी एकच, “काही नाही.”

चार महिने झाले. या मंगळवारी प्रमुख बाई स्वतः येऊन पलंगाशी उभ्या राहिल्या. “आज फरक दिसला नाही, तर त्यांची ही वेळ दुसऱ्या पेशंटला देऊ,” त्यांनी हळूच सांगितलं. बोलणं त्यांचं चूक नव्हतं. बाहेर रांग होती.

तिनं रुमाल बांधला. कापूस फिरवला.

“काही नाही.”

कंगवा टोचला.

“काही नाही.”

प्रमुख बाईंनी पेनाचं टोपण काढलं. महिन्याभराच्या चहावर पाणी पडलं. तळवे निथळायला लागले. तिनं ते एप्रनला पुसले, पुन्हा पुसले. कंगवा घसरून खाली पडला. आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. निदान हात नीट ठेवावा म्हणून तिनं आजोबांचा उशीवरचा पंजा दोन्ही हातांत उचलून घेतला.

आजोबांनी मान तिच्याकडे वळवली.

“पोरी, आज तुझे हात किती ओले गं! गारेगार लागतायत.”

तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. “सॉरी आजोबा,” म्हणत ती पंजा खाली ठेवायला लागली. प्रमुख बाईंचं पेन कागदावर टेकता टेकता थांबलं. कोपऱ्यातल्या सुयाही थांबल्या.

“अहो,” आजी खुर्चीतून उठत म्हणाल्या, “तिनं तुमचा डावा हात धरलाय!”