डाव्या बाजूचं मेण

डॉक्टर गोपाळकृष्णांनी मेणाच्या डब्याला झाकण लावलं, मलमलीचं फडकं झटकलं आणि ते गाडीच्या मागं येऊन उभे राहिले.

"झाली एकदाची," ते स्वतःशीच म्हणाले. "तोंड बघून घ्यावं अशी चमकतीय."

त्यांची बायको शामला चहाचा कप घेऊन ओसरीच्या पायरीवर थबकली. काळ्या फियाटची उजवी बाजू खरंच लखलखत होती. डावी मात्र पांढरीफटक होती. चोळलेलं मेण वाळून पत्र्यावर पिठासारखं बसलं होतं. ते पुसायचं राहूनच गेलं होतं. एखादा कोपरा नव्हे, पुढच्या दारापासून मागच्या मडगार्डापर्यंत सगळं.

डॉक्टरांच्या हातून असं होण्यासारखं नव्हतं. गाडी आल्यापासून दर रविवारी ते स्वतः ती धूत, स्वतः मेण लावत. उमरग्यात दुसऱ्या कुणाला त्यांनी तिला हात लावू दिला नव्हता.

शामला अनवाणी पायांनी अंगणात उतरली आणि त्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली. अगदी खेटून. कप पुढं धरला. बोलली मात्र नाही.

डॉक्टर फडक्याला हात पुसत राहिले. मग घराकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "शामला, चहा झाला का गं?"

तिनं कप बशीवर वाजवला. त्या आवाजानं ते दचकून वळले.

"इथंच आहेस होय! मांजरासारखी येतेस."

ते हसले. तिला हसू आलं नाही. "अहो, डावीकडचं मेण पुसायचं राहिलंय."

"कुठं?"

ते वाकले. तोंड पत्र्याजवळ नेलं, दारावरून हात फिरवला. तळव्याला पांढरी पूड लागली. ते तिच्याकडं बघत राहिले. फडकं उचललं नाही.

शामलाला गेले कित्येक महिने एकदम दिसायला लागले. बाजारात बैलगाडीला घासलेली गाडी. उंबऱ्याशी लागलेल्या ठेचा. शेजारून नमस्कार करूनही ओळख न मिळालेली माणसं. लोक म्हणायचे, डॉक्टरांना गर्व चढला.

तेवढ्यात फाटक धाडकन उघडलं. मुरुम गावाकडच्या वस्तीवरचा मल्लिनाथ सायकल टाकून धावत आला. घामानं निथळत होता.

"डाक्टरसाब, चला! बायकू अडलीया. लेकराचा हातच भायेर आलाय. सखूबाई सुईन म्हनली, माझ्याच्यानं आता कायबी व्हायचं न्हाय."

डॉक्टर ताठ झाले. हात धुऊन, आतून बॅग घेऊन ते सरळ गाडीच्या दाराशी आले. शामला आडवी उभी राहिली.

"तुम्ही गाडी चालवायची नाही."

"बाजूला हो. तिकडं बाई मरंल."

"आणि वाटेत कुणी तुमच्या डाव्या अंगाला आलं तर?"

मल्लिनाथ दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. डॉक्टरांचा आवाज खाली आला. "त्याच्यासमोर नको, शामला. गावात कळलं तर कोण येईल माझ्याकडं?"

"मग पलीकडं सरका. मी घेते गाडी."

गेल्या साली बाजाराच्या मैदानावर डॉक्टरांनी तिला गाडी शिकवली होती. लोक बघायला जमायचे, हसायचे. तिला स्वतःलाही ती त्यांची हौस वाटली होती. मैदानाबाहेर तिनं गाडी कधी काढलीच नव्हती. आज तिनं पदर खोचला आणि अर्धी पांढरी गाडी हैदराबादच्या सडकेवर घातली. समोरून ट्रक आला की तिचे हात स्टिअरिंगवर आवळायचे. डॉक्टर शेजारी बॅग मांडीवर घेऊन बसले होते. मागं मल्लिनाथ डोळे मिटून मल्लिकार्जुनाचं नाव घेत होता.

मल्लिनाथच्या घरात अंधार होता. मिणमिणत्या कंदिलाच्या उजेडात बाळंतीण कण्हत होती. डॉक्टर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनीही डोळे मिटले. पुढचं काम डोळ्यांचं नव्हतंच. हळूहळू, बोटांनी चाचपत त्यांनी आडवं मूल वळवलं, पाय धरून बाहेर काढलं. मूल रडलं नाही.

"शामला, कंदील जवळ घे. रंग कसा आहे?"

"निळा."

त्यांनी मुलाच्या तोंडावर तोंड ठेवून फुंकर घातली. "आता?"

"तसाच आहे हो."

पुन्हा फुंकर. कोपऱ्यात देवाचं नाव पुटपुटणारी सखूबाई थांबली. "आता?"

"ओठ... ओठ लाल व्हायलेत."

मग मूल रडलं. मुलगी होती. भिंतीला टेकून बसलेली सखूबाईही रडायला लागली.

परतताना सडक लागायच्या आधी शामलानं गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. काचबिंदू आहे. सोलापूरला दाखवून आलो. गेलेली नजर परत येत नाही, आणि आहे तीही राहील असं नाही."

"दोन वर्षं! आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

डॉक्टरांनी स्टिअरिंगवरच्या तिच्या हातांकडं बघितलं.

"जिभेनं जमेना," ते म्हणाले, "म्हणून तर तुला गाडी शिकवली."